मंगळवारच्या पाच बाटल्या

या वर्षीही मळेवाल्या बाईंचा ईमेल आला. सप्टेंबर संपत आला की येतोच. द्राक्षं तयार आहेत, शनिवारी तोडणी, जुने कपडे घाला, पावसाळी बूट आणा, दुपारचं सूप आणि ब्रेड आमच्याकडून. इंग्लंडातल्या आमच्या बेसिंगस्टोकहून गाडीनं वीस-पंचवीस मिनिटांवर त्यांचा मळा आहे. मी ईमेल वाचते, उत्तर देत नाही आणि पुसूनही टाकत नाही. तीन वर्षं हेच चाललंय. मग दोन-तीन दिवस सकाळी खिडकी उघडली की हवेत कुजलेल्या सफरचंदांचा, ओल्या पानांचा वास येतो आणि माझं डोकं फिरतं. नवरा विचारतो, काय झालं. काही नाही म्हणते, आणि त्याच्या डब्याचं झाकण जरा जास्तच जोरात लावते.

मी नाशिककडची, निफाड तालुक्यातली. द्राक्षांचा हंगाम म्हणजे फेब्रुवारी-मार्च, हे माझ्या अंगात भिनलेलं. ऑक्टोबरात आमच्याकडे गोडी छाटणी असायची. दादा, म्हणजे माझे वडील, कात्री घेऊन बागेत शिरायचे आणि संध्याकाळपर्यंत सगळी बाग भुंडी करून बाहेर यायचे. इथे त्याच महिन्यात लोक बादल्या घेऊन घड तोडतात. तिथे सुरुवात, इथे शेवट. इतकी वर्षं झाली तरी ऑक्टोबर आला की मला नक्की कुठल्या टोकाला उभं राहायचं ते कळत नाही.

दादांना मी इथल्या मळ्याचे फोटो पाठवायची. मुलगी वाइनच्या धंद्यात गेली याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. आई मात्र विचारायची, "पितेस का गं तू?" मी सांगायची, "नाही आई, चव घेते आणि थुंकते." तिला ते पिण्यापेक्षाही वाईट वाटायचं. दादांनी एकदाच प्रश्न विचारला, तोही कामाचा. "जमीन कसली आहे तिथं?" मी म्हटलं, चुनखडीची. "चुनखडीत द्राक्षं? पानं पिवळी पडतील," एवढंच ते म्हणाले. त्या चुनखडीमुळेच इथली फसफसणारी वाइन एवढी धारदार होते, हे समजावून सांगायचं मी पुढच्या फोनवर ढकललं. असे बरेच पुढचे फोन राहून गेले.

सध्या मी एका गोदामात नोकरी करते. आलेली वाइन गेल्या खेपेसारखीच आहे ना, एवढंच बघायचं. काल होती तशी आज आहे, असं कागदावर लिहून सही करायची. वेगळी लागली तर परत पाठवायची. एके काळी मी वेगळी लागेल तीच बाटली शोधत हिंडायची, हे तिथे कुणाला ठाऊक नाही. सांगूही नये असं वाटतं.

त्या एके काळाचं नाव 'तिरफळ'. बेसिंगस्टोकच्या मागच्या गल्लीतलं छोटं हॉटेल, तेरा टेबलं. मालक आणि मुख्य आचारी एकच, नायककाका. मूळचे कारवारकडचे, वाढले बेळगावात मामाच्या खानावळीत. तिशीत इकडे आले आणि पुढची तीस वर्षं दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात लाल-पिवळी करी ढवळत राहिले. साठीला टेकल्यावर त्यांनी स्वतःचं हॉटेल काढलं आणि दक्षिणेचं, मुख्यतः किनाऱ्याचं जेवण लावलं. नारळाच्या वाटणातल्या कोंबडीची कोरी गस्सी, नीर डोसे, चेट्टिनाड मटण, गोळी भजी, तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी. मी तेव्हा परीक्षा देऊन नुकती सोमेलिए झाले होते. सोमेलिए म्हणजे कुठल्या पदार्थाबरोबर कुठली वाइन हे ठरवणारी आणि ती वाढणारी बाई. लंडनच्या मोठ्या हॉटेलांनी माझा अर्ज पाहिला, माझं आडनाव पाहिलं आणि कळवतो म्हणाले. काकांकडे मी जेवायला म्हणून गेले होते. जेवण झाल्यावर म्हटलं, "काका, तुमच्या आमटीला बिअर देणं हा गुन्हा आहे."

काका आयुष्यात वाइन प्यायले नव्हते. त्यांना ती साहेबाच्या औषधासारखी वाटायची. पण माणूस जिभेचा पक्का. "मग तू काय देशील, सांग की," म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी ग्रीसची एक पांढरी वाइन घेऊन गेले. समुद्राकाठची, खारट छटेची. त्यांनी आमटीचा घोट घेतला, मग वाइनचा, मग पुन्हा आमटीचा. शेवटी म्हणाले, "पहिल्या घोटात तिरफळ जिभेवर होतं. आता ते नाकात गेलंय. हे तू केलंस?" मला त्या दिवशी झाला तसा आनंद नंतर फार थोड्या वेळा झाला.

काकांनी मला कामावर घेतलं आणि आमचे मंगळवार सुरू झाले. मंगळवारी दुपारी हॉटेल बंद असायचं. काका एक पदार्थ करायचे, मी पाच बाटल्या आणायची. ठरलं होतं की जिभेला जे वाटेल ते तोंडावर बोलायचं. कुणी म्हणालं म्हणून छान, महाग आहे म्हणून छान, असलं चालणार नाही. जॉर्जियातली मातीच्या रांजणात पुरून ठेवलेली नारिंगी वाइन गस्सीबरोबर पहिल्यांदा प्यायलो तो मंगळवार. तांबडी वाइन बर्फात गार करून चेट्टिनाड मटणाबरोबर दिली तो मंगळवार. हंगेरीची एक महागडी गोड बाटली मी मोठ्या ऐटीत उघडली आणि काकांनी तोंड वाकडं करून बेसिनकडे बोट दाखवलं, तोही मंगळवारच. माझं नाक आभाळात असायचं आणि काका ते दर आठवड्याला खाली आणायचे.

पुस्तकातले शब्द त्यांना चालायचे नाहीत. मी म्हणायची, गूसबेरी. ते विचारायचे, "मी खाल्लीय का कधी?" मग स्वतःच वास घेऊन सांगायचे. ही नारळाच्या ओल्या सोडणाची. ही तांदूळ धुतलेल्या पाण्याची. हिला रस्सम उतू जाऊन शेगडीवर पडल्यावर येतो तो वास आहे. मी ते सगळं वहीत उतरवून घेतलं आणि त्यांची मुलगी मायानं त्याचं इंग्रजी केलं. आमच्या वाइनच्या यादीवर हेच छापलं होतं. मायाचा जन्म इथला. लंडनच्या टोकाला हॅरोला राहायची, नोकरी शहरात. शनिवार-रविवार येऊन हॉटेलचं कागदपत्र बघायची. मराठी बोलायची, पण आपल्या हिशोबानं. "अनघा, ओल्या सोडणाचा वास is not a thing. पण माझा friends ला आवडली ती लाइन," असं म्हणायची.

आमच्याकडे बिअर नव्हती. माझाच हट्ट होता तो. देशी हॉटेलात बिअर नाही म्हटल्यावर लोक दारातूनच परत जायचे. एकदा जवळच्या ब्रॅकनेलहून आठ जण आले, सगळे पुण्या-नागपूरचे, गळ्यात कंपनीचे पट्टे तसेच. त्यातला एक म्हणाला, "अहो मॅडम, बिअर नाही म्हणजे काय? It's a curry house, right? स्पाइसीबरोबर वाइन कोण पितं?" मी म्हटलं, "तुम्ही. पहिला ग्लास माझ्याकडून, नाही आवडला तर शेजारच्या पबमधून मी स्वतः बिअर आणून देते." त्यांना ती रांजणातली वाइन दिली. त्या बोलणाऱ्यानं आधी कपाळाला आठ्या घातल्या. गस्सीचा घास घेऊन पुन्हा प्यायला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "अरे, try कर, this is mad." त्या रात्री पबमध्ये जायची वेळ आली नाही. नंतर ते लोक बायका-मुलांना घेऊन यायला लागले. कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं की या गावात असली धाडसी यादी कुणाकडे नाही. काकांनी ते छापून मुदपाकखान्यात चिकटवलं. धाडसी हा शब्द मी किती दिवस मिरवला. माझ्याइतकं भित्रं माणूस त्या हॉटेलात दुसरं नव्हतं हे मला अजून कळायचं होतं.

तो सप्टेंबरही असाच होता. सकाळी धुकं, दुपारी पिवळं ऊन, संध्याकाळी एकदम स्वेटर. गणपती नुकतेच गेले होते. जागेचा जुना करार संपत आला होता आणि नव्या दहा वर्षांच्या कराराचे कागद आले, ते नेमके पितृपक्ष लागल्याच्या दुसऱ्या दिवशी. जागामालकाच्या एजंटनं म्हटलं होतं, या आठवड्यात सही झाली तर बरं. मंगळवार होता, माया सुट्टी काढून आली होती. तिनं पेन काढून टेबलावर ठेवलं. "डॅड, just sign it. पितृपक्ष is for rituals. हा पेपर आहे."

काकांनी पेन उचललं नाही. त्यांची आई, त्यांचे मामा, सगळं खानदान या पंधरवड्यात नवा झाडूसुद्धा घरात आणायचं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू सांग. तू शिकलेली आहेस."

आता हे मला सरळ सांगितलं पाहिजे. माझा या गोष्टींवर विश्वास नाही. राहुकाळाला मी हसते, अमावास्येला नवी गाडी घेतलेली बाई आहे मी. पण दादा गेल्यानंतर, वर्षश्राद्ध झाल्यावरचा तो पहिलाच पक्ष होता. भाऊ निफाडला दशमीला सगळं करणार होता. मी इथे काहीच करू शकत नव्हते. नुसती आठवण काढायची, तर ती मी रोजच काढत होते. मला काहीतरी पाळायचं होतं. काहीही, कशाच्या तरी बदल्यात, दादांसाठी. आणि समोर आयतं पाळण्यासारखं आलं. मी म्हटलं, "काका, पंधरा दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे? घटस्थापनेला सही करा."

माया माझ्याकडे बघतच राहिली. "अनघा, तू पण?" एवढंच म्हणाली. काकांच्या चेहऱ्यावर एवढी सुटका दिसली की मला वाटलं, मी पुण्याचं काम केलं. त्यांनी कागद देवाच्या फोटोमागे ठेवले. मग आम्ही गोळी भज्यांबरोबर इथल्याच मळ्यातली फसफसती वाइन प्यायलो आणि तळणाला बुडबुडे का लागतात यावर तासभर भांडलो.

दशमीला मी खीर केली, वडे केले, पान बागेतल्या भिंतीवर ठेवलं. एक जाडजूड कबुतर आलं आणि वडा घेऊन गेलं. मी आत येऊन हसले आणि मग बसून रडले. कबुतर तर कबुतर, असं मनाला सांगितलं.

त्याच शनिवारी आम्ही तोडणीला गेलो. मीच काकांना ओढून नेलं. आयुष्यभर हॉटेलच्या पाठच्या दारातून आकाश बघितलेला माणूस, मळ्यात गेल्यावर लहान झाला. ओळीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ते. एक मणी तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "आंबट आहेत की. यांचं लोणचं घालायला पाहिजे. मोहरी फेसून." मळेवाल्या बाईंना मी ते इंग्रजीत सांगितलं, त्यांनी खरंच लिहून घेतलं. ऊन पाठीवर पडत होतं, हातांना चिकटा आला होता, भुंग्यांसारख्या काळ्या माश्या बादलीवर घोंघावत होत्या. पायाखाली पांढरे चुनखडीचे खडे होते. मी दादांना मनातल्या मनात सांगत होते, बघा, पानं पिवळी पडलीत, पण ती वयानं पडलीत, जमिनीनं नाही. मी त्या सकाळी सुखी होते, आणि ते मला कळतही होतं. नेमकं तेच आठवून आता त्रास होतो.

सूप आलं तेव्हा मायाचा फोन आला. काकांच्या हाताला चिकटा होता म्हणून मी स्पीकरवर लावला. एजंटचा तिला ईमेल आला होता. एका कॉफीच्या साखळी दुकानाला जागा लगेच हवी होती, त्यांनी सही करून कागद परतसुद्धा दिले होते. तुमच्याकडून काही उत्तर आलं नाही, म्हणून मालकानं त्यांना दिली. "सॉरी, डॅड," माया म्हणाली. तिनं "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही. तेवढं तिनं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

काकांनी ब्रेडचा तुकडा सुपात बुडवला, खाल्ला आणि विचारलं, "अजून किती ओळी राहिल्यात?" आम्ही उरलेल्या ओळी तोडल्या.

नंतर लोक समजूत घालायचे. होणार होतं ते झालं. सही केली असती तरी मालकानं काहीतरी काढलंच असतं. मीही स्वतःला हे सगळं सांगून पाहिलं. पण ते खरं नाही. सही केली असती तर हॉटेल राहिलं असतं. यात दैव नाही, ग्रह नाहीत, इंग्रजही नाहीत. मी माझं दुःख दुसऱ्याच्या टेबलावर ठेवलं आणि त्याच्या हॉटेलानं त्याची किंमत मोजली. काकांनी मला कधी बोल लावला नाही. त्यांना जागा पुन्हा मिळाली नाही, मिळाली ती परवडली नाही, आणि मग त्या हिवाळ्यात ते हॅरोला मायाकडे राहायला गेले. सणावाराला फोन व्हायचे. "काय देतेस हल्ली माशाला?" ते विचारायचे. मी गोदामाचं काम सांगायची टाळायची आणि कुठल्यातरी वाइनचं नाव घ्यायची.

मळेवाल्या बाईंचा ईमेल आला त्याच आठवड्यात मी त्या गल्लीतून गेले. कॉफीचं दुकान बंद. काचेला आतून कागद लावलेला, वर 'भाड्यानं देणे आहे'चा बोर्ड. मी विचार न करता फोटो काढला आणि काकांना पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं. मंगळवारी जेवायला ये.

वॉटर्लूपर्यंत ट्रेन, मग ट्यूब, मग बेकर स्ट्रीटहून हॅरोची गाडी. डोक्यात मी यादी करत होते. ग्रीसची ती वाइन अजून मिळते का, रांजणवाल्या जॉर्जियन माणसाचा पत्ता कुठे ठेवलाय. पिशवीत पाच बाटल्या होत्या. इतक्या वर्षांत मला कशाची एवढी आशा वाटली नव्हती, आणि आशेनं माणूस किती बावळट दिसतो ते समोरच्या काचेत दिसत होतं.

काकांनी दार उघडलं. वाळले होते, पण अंगात ॲप्रन होता. "मी फोन केला एजंटला," ते उभ्या उभ्याच म्हणाले. "उद्या सही. पितृपक्ष का असेना. या वेळी कुणाचं ऐकायचं नाही." माझ्याकडे बघून हसले. "तुझंसुद्धा."

माया मागे उभी होती. ती हसली नाही. मला म्हणाली, "बस. जेव आधी."

बांगड्याची आमटी होती, सोबत गोळी भजी. रंग तोच, वर तेलाचा तवंग तोच, तिरफळाचा वास तोच. मी भात कालवला आणि पहिला घास घेतला. मीठ एवढं होतं की डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, माझ्याच वाट्याला तळाचं आलं असेल. भजं खाल्लं, तेही खारट. मायाकडे पाहिलं. ती ताटात मान घालून जेवत होती, एकेक घास, सवयीनं, आणि प्रत्येक घासामागे पाणी पीत होती. काका तिच्या शेजारी तीच आमटी ओरपत होते आणि चेहऱ्यावर समाधान होतं.

"बोल की. काय देशील याला?"

पाच बाटल्यांतली एकही मी उघडली नव्हती. गप्प बसणं सोपं होतं. उद्या सही झाली असती, दहा वर्षांचा कागद, तेरा टेबलं, आणि पहिल्याच आठवड्यात लोकांनी ताटं परत पाठवली असती.

"काका," मी म्हटलं, "मीठ जास्त झालंय."

"कुठं? बरोबर आहे की." त्यांनी चमचाभर आमटी पुन्हा तोंडात घेतली, जिभेवर घोळवली, मी वाइन घोळवते तशी. पुन्हा घेतली. मग मायाच्या पेल्याकडे पाहिलं. तांब्याकडे पाहिलं. तांब्या रिकामा होता.

"माया," ते म्हणाले, "कधीपासून?"

"डॅड..."

"कधीपासून, विचारतोय."

"तो फीवर आला होता ना तुला. इथे आलास तेव्हा, पहिला विंटर. तेव्हापासून तुला टेस्ट कळत नाही." ती रडायला लागली. "तू दोनदा मीठ घालतोस. कधी तीनदा. आम्ही खातो. It's fine, dad, आम्हाला चालते."

काका उठले. फोन घेऊन खिडकीशी गेले, एजंटला लावला आणि आपल्या तुटक इंग्रजीत म्हणाले की उद्या जमणार नाही, जागा दुसऱ्याला द्या, त्रास दिल्याबद्दल सॉरी. मग परत येऊन बसले आणि माझ्या ताटात अजून एक बांगडा वाढायला डाव उचलला, तो तसाच हातात राहिला.

"हॉटेलात चाललं असतं का गं हे?"

"नाही, काका," मी म्हटलं.